बी बाजूवरची मुंबई

१५ मार्च १९६८ रोजी ब्रिटनच्या दुकानांत बीटल्सचा सतरावा सिंगल आला. पार्लोफोनचा शिक्का, क्रमांक आर ५६७५, सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे. एका बाजूला ‘लेडी मॅडोना’. पियानोवर दणक्यात चालणारं हे गाणं ब्रिटनच्या विक्रीयादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तबकडी उलटी करून लावली की मात्र गिटार नाही, ड्रम नाही, पियानोही नाही. पखवाजाच्या ठेक्यावर सरोद आणि सनई एकमेकांना उत्तरं देत धावतात, मग लय उतरते आणि बासरी-हार्मोनियमच्या साथीला बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा आवाज येतो. गाण्याचं नाव ‘द इनर लाइट’, लांबी अडीच मिनिटांहून थोडी जास्त.

या गाण्यातला वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला होता मुंबईत, फोर्टातल्या एका ऑफिसच्या इमारतीत. तबकडीवर गाण्याचं, रचनाकाराचं, प्रकाशन कंपनीचं आणि बँडचं नाव छापलेलं आहे. वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. आणि ज्या बँडचं नाव आहे, त्यातल्या एकानेही या गाण्यात वाद्याला हात लावलेला नाही.

हे घडलं कसं, ते कळायला आधी सिंगल ही चीज समजून घ्यावी लागते. साठच्या दशकात पॉप संगीताचा धंदा मुख्यतः या छोट्या तबकडीवर चालायचा. लाँग प्ले महाग, सिंगल शाळकरी पोरांच्या खिशाला परवडणारा. रेडिओवर वाजायची ती ए बाजू. दुकानात गिऱ्हाईक मागायचं ते तिच्याच नावाने. पण तबकडीला दुसरी बाजू असतेच आणि ती कोरी ठेवता येत नाही. म्हणून बी बाजू. कुणी तिथे उरलंसुरलं गाणं टाकायचं, कुणी घाईत काहीतरी रचून द्यायचं.

मानधनाच्या हिशेबात मात्र बी बाजू दुय्यम नव्हती. अमेरिकेत १९०९च्या कायद्यानुसार विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे दर गाण्याला जास्तीत जास्त दोन सेंट अशी रचनाकार आणि प्रकाशकाची रॉयल्टी ठरलेली होती. गाणं कुठल्या बाजूवर आहे याला कायद्यात महत्त्व नव्हतं. ब्रिटनमध्येही विक्रीवरची टक्केवारी दोन्ही बाजूंत वाटली जायची. म्हणजे लोकांनी तबकडी ‘लेडी मॅडोना’साठी घेतली आणि उलटी बाजू एकदाही लावली नाही, तरी तिच्या रचनाकाराचा वाटा पक्का. त्यामुळे बी बाजूवर कुणाचं गाणं जाणार, यावरून बँडमध्ये आणि कंपन्यांमध्ये ओढाताण व्हायची.

बी बाजूचा आणखी एक फायदा होता. ती खपवायची नसल्यामुळे तिथे वाटेल ते करून बघता यायचं. बीटल्सने ते ओळखलं होतं. उलट्या फिरवलेल्या आवाजाचा प्रयोग असलेलं ‘रेन’ १९६६मध्ये बी बाजूवर आलं आणि ‘आय ॲम द वॉलरस’ हे त्यांचं सर्वांत विचित्र गाणं नोव्हेंबर १९६७मध्ये ‘हॅलो, गुडबाय’च्या पाठीवर. ब्रिटनमधल्या त्यांच्या आधीच्या सोळाही सिंगलच्या दोन्ही बाजूंवर लेनन-मॅकार्टनी याच जोडीची गाणी होती. हॅरिसनला लाँग प्लेवर एखाद-दुसरी जागा मिळायची, सिंगलवर एकदाही मिळाली नव्हती. पहिली संधी मिळाली ती या सतराव्या तबकडीच्या मागच्या बाजूला.

भारतीय संगीताकडे हॅरिसन वळला त्याला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. जून १९६६मध्ये त्याची रविशंकरांशी भेट झाली आणि सप्टेंबरात तो सतार शिकायला मुंबईत आला. ताजमध्ये सॅम वेल्स या खोट्या नावाने उतरला, पण बातमी फुटलीच. हॉटेलखाली गर्दी जमली आणि शेवटी पत्रकार परिषद घेऊन मला शांतपणे शिकू द्या, असं त्याला सांगावं लागलं. रविशंकरांच्या मुंबईतल्या ‘किन्नर’ या संगीत विद्यालयाची जबाबदारी पाहणारे त्यांचे शिष्य शंभू दास यांनीही त्याला सतारीचे धडे दिले. पुढे हीच ओळख कामाला आली.

त्याच्या आधीच्या दोन भारतीय वळणाच्या रचना लंडनमध्येच मुद्रित झाल्या होत्या. तिथे एशियन म्युझिक सर्कल ही संस्था भारतीय वादक पुरवायची. एप्रिल १९६६मध्ये ‘लव्ह यू टू’साठी अनिल भागवत या तरुण तबलावादकाला बोलावणं आलं आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या लाँग प्लेच्या पाठीवर त्यांचं नावही छापलं गेलं. पुढच्या वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’तल्या वादकांच्या नशिबी तेही नव्हतं. हे गाणं ज्या गाजलेल्या लाँग प्लेवर आलं, तिथे दिलरुबा, तंबोरा आणि तबला कुणी वाजवला, हे लोकांपुढे यायला अर्धं शतक लागलं.

मुंबईला यायचं निमित्त झालं चित्रपटाचं. जो मॅसो या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’साठी हॅरिसनला संगीत द्यायला सांगितलं आणि पूर्ण मोकळीक दिली. हॅरिसनने पडद्यावरचा एकेक प्रसंग स्टॉपवॉच लावून मोजला आणि त्या मापाचे तुकडे रचले. काही काम लंडनमध्ये झालं. उरलेलं जिथले वादक तिथेच करायचं ठरवून जानेवारी १९६८मध्ये तो मुंबईत दाखल झाला. चित्रपटाचं काम आटोपत आल्यावर, त्याच साजात आणि त्याच वादकांकडून त्याने एक जास्तीची रचना वाजवून घेतली. तारीख १२ जानेवारी.

ही रचना म्हणजे ‘द इनर लाइट’. तिचे शब्द एका पत्रातून आले होते. केंब्रिजमध्ये हुआन मास्कारो नावाचे मूळचे मायोर्का बेटावरचे संस्कृतचे अभ्यासक होते. पेंग्विनने काढलेली भगवद्गीतेची आणि उपनिषदांची इंग्रजी भाषांतरं त्यांचीच. १९६७च्या शरद ऋतूत डेव्हिड फ्रॉस्टच्या दूरदर्शन कार्यक्रमात ध्यानधारणेवर चर्चा झाली, तिथे त्यांची हॅरिसनशी गाठ पडली. नोव्हेंबरात त्यांनी हॅरिसनला पत्र लिहिलं, सोबत जगभरच्या अध्यात्मवचनांचं स्वतः संकलित केलेलं ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हे पुस्तक पाठवलं आणि लाओत्झूच्या ‘ताओ ते चिंग’मधल्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाला चाल लावता येईल का, असं सुचवलं. जाणण्यासाठी हिंडावं लागत नाही, उलट फार हिंडणाऱ्याच्या हाती कमीच लागतं, अशा आशयाचं ते छोटं प्रकरण. हॅरिसनने त्याला फारसा हात लावला नाही. तोच मजकूर एकदा स्वतःबद्दल आणि एकदा ऐकणाऱ्याला उद्देशून, असा दोनदा घेतला, इतकंच. घरबसल्या ज्ञानाचा महिमा सांगणाऱ्या या गाण्याने चीन, केंब्रिज, मुंबई आणि लंडन एवढी पायपीट केली, ही गंमत वेगळीच.

एचएमव्हीचा मुंबईचा स्टुडिओ फोर्टात फिरोजशाह मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये होता. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओशी तुलना केली तर साधनं तुटपुंजी. ॲबी रोडवर तेव्हा चार ट्रॅकची टेप मशिनं होती, मुंबईत होतं ते मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर घेणारं. एचएमव्ही चालवणाऱ्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशिन कलकत्त्याहून आगगाडीने आणवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले.

मशिन आलं, पण भिंती त्याच होत्या. आवाज अडवण्याची सोय इतकी कच्ची की रस्त्यावरच्या टॅक्सी रेकॉर्डिंगमध्ये उमटायच्या. ‘वंडरवॉल’च्या काही तुकड्यांत त्या कान देऊन ऐकल्या तर सापडतात, असं हॅरिसननेच पुढे सांगितलं. संध्याकाळी साडेपाचला वरची ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या चपला-बुटांचा असा दणदणाट व्हायचा की काम थांबवून गर्दी ओसरायची वाट पाहावी लागायची. चर्चगेट आणि व्हीटीकडे निघालेल्या त्या कारकुनांपैकी कुणालाच आपण बीटल्सचं रेकॉर्डिंग अडवून धरलंय याची कल्पना असणं शक्य नव्हतं.

दोन ट्रॅकवर काम करायचं म्हणजे काय, हे आज एकेक वाद्य वेगवेगळं मुद्रित करणाऱ्यांना पटकन उमगणार नाही. सगळे वादक एका खोलीत, एकाच वेळी वाजवणार. कुणी माइकजवळ बसायचं, कुणी लांब, यावरच आवाजाचा तोल ठरणार. सनईसारखं खणखणीत वाद्य आणि बासरीसारखं मऊ वाद्य एकत्र घ्यायचं, तर बैठक जमेपर्यंत जागा बदलत राहावं लागतं. एकाने चूक केली की सगळ्यांनी पहिल्यापासून. नंतर एखादं वाद्य वरखाली करू म्हटलं तर ते होत नाही, कारण ते बाकीच्यांत मिसळून गेलेलं असतं.

अशा परिस्थितीत उत्तम काम करणारे वादक मुंबईइतके क्वचितच कुठे एकत्र सापडले असते. सरोदवर आशिष खाँ, अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आणि अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू, वय अठ्ठावीस. पखवाजावर महापुरुष मिश्र, अली अकबर खाँ यांचे नेहमीचे साथीदार. सनईवर हनुमान जाधव, हार्मोनियमवर रिजराम देसाड, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. चित्रपटाच्या तुकड्यांसाठी संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा आणि बासरीवर एस. आर. केंकरे. वादकांची जमवाजमव करण्यात शंभू दास यांचा मोठा हात होता.

यातल्या अनेकांना मैफलीइतकीच सिनेमाच्या स्टुडिओचीही सवय होती. शिवकुमार शर्मांचं संतूर तर व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त १९५५मध्येच वाजलं होतं. चौरसिया आकाशवाणीची नोकरी करता करता सिनेमाचं वाजवत मोठे झालेले. मुंबईच्या स्टुडिओत वादक सकाळी येई, चाल ऐके, गोव्याकडचा असेल तर स्टाफ नोटेशन वाची, नाहीतर सरगम कागदावर उतरवी, एक-दोन तालमी आणि टेक. गाणं कुठल्या सिनेमातलं, कुणावर चित्रित होणार, हे कळलं तर कळलं. संध्याकाळी पाकीट घेऊन घरी. तबकडीवर सिनेमाचं, गायकाचं, गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव येई. सबॅस्टियन डिसूझांसारखा संपूर्ण वाद्यवृंद बांधणारा अरेंजरसुद्धा रसिकांना नावाने क्वचितच ठाऊक असे. इंग्लंडहून आलेला पाहुणा खोलीत आला, चाल समजावून गेला आणि आपलं नाव कुठे लागणार हे कुणी विचारलं नसेल, तर त्यात नवल नाही. त्या धंद्याची रीतच तशी होती.

‘द इनर लाइट’चा एक टेक २०१४मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत प्रकाशित झाला आहे. त्यात गायन नाही, फक्त साज आणि थोडी बोलाचाली. तो ऐकला की रचनेची बांधणी स्पष्ट होते. जलद भागात सरोद आणि सनई यांचा सवाल-जवाब चालतो. मैफलीत हे दोघे सहसा असे समोरासमोर बसत नाहीत. मराठी माणसाच्या कानात सनई म्हणजे लग्नघर नाहीतर देवळाचा नगारखाना, आणि पखवाज म्हणजे कीर्तन. इथे दोन्ही अडीच मिनिटांच्या पॉप गाण्यात बसवली आहेत. आलाप नाही, रागविस्तार नाही, तिहाईची लांबण नाही. जलद-संथ-जलद-संथ अशी आखीव घरं आहेत आणि संथ घरांत बासरी गळ्याचा माग काढत जाते. लंडनमधल्या ‘विदिन यू विदाउट यू’त हॅरिसनने भारतीय मैफलीचा मोठा आकार पकडायचा प्रयत्न केला होता. मुंबईत त्याने उलट केलं. आकार सिंगलचा ठेवला आणि आतला माल पूर्णपणे इथला. माझ्या मते त्याच्या भारतीय वळणाच्या गाण्यांत हे सर्वांत घट्ट विणलेलं आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय त्या वादकांच्या सिनेमाने घडवलेल्या शिस्तीला जातं. थोडक्यात, चपखल आणि वेळेत वाजवायचं कसब त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

टेप लंडनला गेली. ६ फेब्रुवारीला ॲबी रोडमध्ये मुंबईचे दोन ट्रॅक चार ट्रॅकच्या टेपवर उतरवण्यात आले. चारखणी डब्यात दोन खण आधीच भरलेले आणि दोन मोकळे, तसं. मोकळ्या जागेत हॅरिसनचा आवाज घ्यायचा होता आणि तोच अडखळत होता. आपल्याला हे गाता येईल का, अशी त्याला धास्ती. त्या दिवशी टेप सांभाळणाऱ्या जेरी बॉइजच्या आठवणीनुसार मॅकार्टनीने त्याला धीर देऊन माइकसमोर उभं केलं. बँडमधला चौथा, रिंगो स्टार, तेव्हा बीबीसीवर सिला ब्लॅकच्या कार्यक्रमात होता, या गाण्यात त्याचा कसलाच सहभाग नाही. दोन दिवसांनी लेनन आणि मॅकार्टनी यांनी शेवटाला आपला आवाज जोडला आणि मोनो मिक्स तयार झालं. सिंगलसाठी तेवढंच लागायचं. स्टिरिओ मिक्स करायची गरज पडली ती थेट जानेवारी १९७०मध्ये.

घाईचं कारण ऋषिकेश. महर्षी महेश योगींच्या आश्रमात चौघेही फेब्रुवारीच्या मध्यापासून जाणार होते आणि ते नसताना बाजारात एक सिंगल हवा होता. ३ फेब्रुवारीला ‘लेडी मॅडोना’ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लेननचं ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’. एका बाजूसाठी तेही विचारात होतं, पण लेननला आपलं रेकॉर्डिंग पसंत पडेना. ते मागे पडलं आणि मुंबईच्या गाण्याला बी बाजू मिळाली. ११ फेब्रुवारीला प्रसिद्धीसाठी स्टुडिओत चित्रीकरण झालं. कॅमेऱ्यासमोर चौघे प्रत्यक्षात ‘हे बुलडॉग’ हे वेगळंच गाणं मुद्रित करत होते. ती दृश्यं ‘लेडी मॅडोना’वर जोडून जगभर दाखवली गेली. बी बाजूसाठी असलं काहीच केलं नाही.

तबकडी दुकानांत पोचली तेव्हा चौघांपैकी फक्त रिंगो इंग्लंडला परतला होता, बाकीचे गंगेकाठी होते. अमेरिकेत १८ मार्चला कॅपिटॉलने ती काढली. ‘लेडी मॅडोना’ बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘द इनर लाइट’ स्वतंत्रपणे एक आठवडा शहाण्णवाव्या क्रमांकावर टेकलं. सरोद-सनई-पखवाजाच्या गाण्याने अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत यावं, हे आजही सोपं नाही. पण ते कुठल्या लाँग प्लेमध्ये घेतलं गेलं नाही. त्यामुळे पुढची दहा वर्षं ज्याच्याकडे ही तबकडी नव्हती, त्याच्यापर्यंत गाणं पोचणं कठीण होतं. १९७८च्या ‘रॅरिटीज’ संचात आणि १९८८च्या ‘पास्ट मास्टर्स’मध्ये ते आलं, तेव्हा नव्या पिढीला ते जवळजवळ नवंच होतं.

नावं गळण्याचा हा प्रकार फक्त मुंबईकरांच्या वाट्याला आला असंही नाही. ‘लेडी मॅडोना’त चार सॅक्सोफोन वाजतात. ६ फेब्रुवारीला ऐनवेळी फोन करून बोलावलेल्या त्या चौघांत सोहोमधल्या प्रसिद्ध जॅझ क्लबचे मालक रॉनी स्कॉट होते. त्यांचंही नाव तबकडीवर नाही, आणि मिक्समध्ये आपलं वादन दाबून टाकलं याबद्दल त्यांची नाराजी जाहीर होती. दोन्ही बाजूंचे वादक एका बाबतीत सारखे होते. त्यांना त्या दिवसाचे पैसे मिळाले, विक्रीत वाटा नाही. तबकडी दहा हजार खपो की दहा लाख, त्यांच्या पाकिटात फरक पडत नव्हता. गाणं कायद्याच्या नजरेत रचनाकाराचं, रेकॉर्डिंग कंपनीचं. वाजवणं ही मजुरी.

फरक पडला तो पुढे. ‘वंडरवॉल म्युझिक’ची लाँग प्ले १ नोव्हेंबर १९६८ला ॲपल या बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीने काढली, तेव्हा तिच्यावर मुंबईच्या वादकांची यादी वाद्यांसह आली. स्पेलिंगची मोडतोड झाली, शर्मांचं ‘शर्मार’ झालं, पण यादी आली. हॅरिसनला एका बी बाजूने सिंगलचं दार उघडलं आणि दीड वर्षाने ‘समथिंग’ ए बाजूवर गेलं. दार उघडल्यावर तो मुंबईच्या साथीदारांना विसरला नाही. १९७४मध्ये त्याने रविशंकरांच्या ‘म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया’चा ताफा युरोपात आणि मग आपल्या दौऱ्यावर अमेरिकेत नेला. त्या ताफ्यात हरिप्रसाद चौरसिया होते, शिवकुमार शर्मा होते, रिजराम देसाडही होते. बीटल्सची गाणी ऐकायला आलेल्या प्रेक्षकांत काही ठिकाणी चुळबूळ झाली, समीक्षकांनीही नाकं मुरडली. तरी या वेळी वादक स्वतःच्या नावाने मंचावर बसले होते, आणि दोन वर्षांनी निघालेल्या लाँग प्लेवर प्रत्येकाचं नाव त्याच्या वाद्यापुढे छापलं गेलं. फोर्टात मिळालं नाही ते श्रेय असं उशिरा आणि वेगळ्याच कामासाठी मिळालं. सिंगलच्या चकतीवर मात्र ते आजही नाही.